व्यापारविद्या आणि नदीचे खाते

कोणत्याही पेढीची वर्षअखेरची वही उघडून पाहिली, तर तीत जमा आणि खर्च अशा दोन बाजू आढळतात. कच्चा माल, मजुरी, भाडे, वीज, व्याज आणि कर यांची नोंद एका बाजूस, विक्रीची दुसऱ्या बाजूस; दोहोंची वजाबाकी करून जे उरेल तो नफा. हिशेबाची ही रीत शेकडो वर्षे चालत आली आहे आणि तिच्यावाचून व्यापार चालावयाचा नाही. परंतु या वहीत काही रकमा कधीच चढत नाहीत. कारखान्याने नदीचे स्वच्छ पाणी उचलले आणि मळके पाणी परत सोडले, तर त्या मळकेपणाची रक्कम कोणत्या रकान्यात घालावी, हे वहीला ठाऊक नसते. जी वस्तू विकत घ्यावी लागत नाही तिची नोंद होत नाही. आणि जिची नोंद होत नाही, ती संपत चालली तरी धन्याच्या ध्यानात येत नाही.

व्यापार आणि व्यवस्थापन शिकविणाऱ्या काही विद्यालयांतून अलीकडे या न लिहिलेल्या रकमा शोधून काढण्याचे शिक्षण देण्यात येऊ लागले आहे. तेथील विद्यार्थी वर्गात व्याख्याने ऐकतात खरे, पण त्यांच्या अभ्यासाचा मोठा भाग वर्गाबाहेर पार पडतो. कोणी कचरा तोलतो, कोणी पाणी मोजतो, कोणी कारखान्याच्या मोरीपाशी वही घेऊन उभा राहतो, तर कोणी भर रस्त्यात माल विकतो. पदवीसाठी हजारो रुपये भरून मुलांनी ही कामे का करावीत, असा प्रश्न सुशिक्षित घरांतील वडील माणसांस साहजिकच पडतो. त्याचे उत्तर एखाद्या परिचित गावाच्या आधाराने शोधणे सोयीचे होईल. त्यासाठी कल्याण-कर्जत रेल्वेवरील बदलापूरची पश्चिम बाजू, म्हणजे मांजर्लीचा परिसर, घेऊ.

मांजर्लीहून उल्हास नदी फार दूर नाही. बदलापूरची तहान मुख्यत्वे हीच नदी भागविते. सकाळची गाडी गाठण्यापूर्वी येथील गृहस्थ नळाखाली बादली लावतो, तेव्हा त्या बादलीतील पाण्याचा प्रवास त्याच्या मनात क्वचितच येतो. उल्हास ही सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर उगम पावणारी नदी. अशा नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात आटतात. तरीही उल्हासला उन्हाळ्यात पाणी असते, याचे एक मोठे कारण घाटमाथ्यावर आहे. मावळातील आंध्रा नदी ही इंद्रायणीची उपनदी. तिचे पाणी एरवी भीमेवाटे कृष्णेस मिळून पूर्वसमुद्रास गेले असते. टाटांच्या कंपनीने ठोकरवाडी येथे धरण बांधून ते अडविले, घाटाखाली भिवपुरी येथे उतरविले, आणि १९२२ पासून त्यावर वीज निर्माण होऊ लागली. वीज काढून झाल्यावर उरलेले पाणी उल्हास नदीत सोडले जाते. पूर्वेकडे जाणारे पाणी अशा रीतीने पश्चिमेकडे वळले आणि नदीकाठच्या गावांच्या घागरी भरू लागले.

येथेच हिशेबाचा पहिला पेच उभा राहतो. वीज विकली गेली, तिची किंमत वहीत आली. पण त्याच पाण्याचा लाभ खालच्या गावांस झाला, त्याची किंमत कोणाच्या वहीत आली? आणि ज्या खोऱ्यातून ते वळविले गेले, त्या खोऱ्याच्या वाट्याचे पाणी उणे झाले, ते कोणाच्या नावे पडले? या प्रश्नांची उत्तरे सोपी नाहीत. परंतु प्रश्न विचारल्यावाचून उत्तर मिळावयाचे नाही, हेही तितकेच खरे.

नदी मांजर्लीवरून पुढे जाते तो प्रदेश उद्योगांचा आहे. अंबरनाथ आणि बदलापूर येथे औद्योगिक वसाहती आहेत. उल्हासनगर तर लहान कारखान्यांचे आगर. अंबरनाथच्या ज्या शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा आहे, त्याच्या शेजारून वालधुनी नदी वाहते आणि पुढे कल्याणकडे जाऊन उल्हासला मिळते. या वालधुनीचे पाणी कारखान्यांच्या व वस्त्यांच्या सांडपाण्याने इतके बिघडले, की ‘वनशक्ती’ या संस्थेस राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागावी लागली आणि २०१५ साली न्यायाधिकरणाने जबर दंड ठोठावला. उल्हासनगरात जीन्सच्या पाटलोणी रंगविण्याचा व धुण्याचा मोठा धंदा होता. त्या धुलाईचे निळे पाणी नाल्यावाटे नदीस मिळे. पुढे न्यायालयीन आदेशांनंतर हे धुलाई कारखाने बंद करण्यात आले. नदीवरील एक भार हलका झाला. पण त्या कारखान्यांत राबणाऱ्या मजुरांच्या हातचे काम त्याबरोबरच गेले. ज्या मजुराने नदीत काय सोडावे हे कधी ठरविले नव्हते, त्याच्या चुलीवर त्या निर्णयाचा भार पडला. वहीत वेळेवर न लिहिलेली रक्कम अखेरीस कोणीतरी भरतोच, आणि बहुधा तो दुर्बळ असतो.

हा विचार जगात सर्वत्र एकाच वेळी पसरला नाही. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडातील बाझल शहराजवळ रसायनांच्या एका कोठाराला आग लागली. आग विझविण्यासाठी मारलेले पाणी रसायनांसह ऱ्हाइन नदीत उतरले. नदी तांबडी झाली आणि खाली दूरवर मासे, विशेषेकरून वाम, मरून तरंगू लागले. त्याच देशात सेंट गालेन येथे अर्थशास्त्र व व्यापार यांचे एक नामांकित विद्यापीठ आहे. १९८७ साली तेथील विद्यार्थ्यांनी आपली एक संस्था स्थापिली आणि तिला ‘ओइकोस’ असे नाव दिले. हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ घर. ‘इकॉनॉमी’ आणि ‘इकॉलॉजी’ हे दोन्ही शब्द याच धातूपासून झाले आहेत. म्हणजे घर चालविण्याची विद्या आणि घर राखण्याची विद्या या मुळात सख्ख्या बहिणी. व्यापारशिक्षणात त्यांची ताटातूट झाली होती, ती भरून काढावी, असा त्या विद्यार्थ्यांचा हेतू होता. त्याच १९८७ साली नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, पण पुढील पिढीच्या गरजा भागण्याची वाट बंद करू नये, असे त्याचे सार आहे. यालाच मराठीत शाश्वत विकास म्हणू लागले. मराठी गृहिणीस ही कल्पना नवी नाही. घरातील धान्य रांधावे, पण बियाण्याची कणगी राखून ठेवावी, हे तिला कोणत्याही अहवालावाचून कळते.

तथापि ही विद्या परदेशातूनच आली, अशी समजूत करून घेणे मात्र योग्य होणार नाही. तिचा एक जुना धागा मुंबई आणि वर्धा या दोन मराठी ठिकाणांशी बांधलेला आहे. १८९२ साली तंजावर येथे जन्मलेले जे. सी. कुमारप्पा लंडनला हिशेबतपासणीची विद्या शिकले आणि मुंबईत तो व्यवसाय करू लागले. पुढे अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात त्यांनी व्यापार-व्यवस्थापनाची पदवी घेतली व कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास केला. भारताच्या दारिद्र्याची कारणे त्यांना सरकारी जमाखर्चात सापडली. १९२९ साली ते महात्मा गांधींस भेटले, तेव्हा गांधींनी त्यांच्यावर एक काम सोपविले: गुजरातेतील खेडा जिल्ह्याच्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी.

ही पाहणी कुमारप्पांनी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांस हाताशी धरून केली. पन्नासहून अधिक गावे पाहून शेतकऱ्याचे उत्पन्न, त्याची गुरे, त्याचे कर्ज आणि त्याचा सारा यांची नोंद करण्यात आली. शहरातील सुशिक्षित हिशेबनीस आणि कोवळे विद्यार्थी खेड्यांतून हिंडून जो आकडा गोळा करतात, तो आकडा त्यांच्या स्वतःच्याच मनात काही उलथापालथ करून जातो. १९३१ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. शेतसारा हा शेतकऱ्याच्या खऱ्या नफ्यातून घेतला जातो की त्याच्या पोटातून, या प्रश्नाची चर्चा त्यानंतर आकड्यांच्या आधारे करता येऊ लागली. विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर केलेल्या कामाचे मोल येथे स्पष्ट दिसते. त्यांनी शेतकऱ्यांस उपदेश केला नाही. त्यांनी त्यांचा हिशेब मांडून दिला.

१९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. संघाचे ठाणे वर्ध्यास, जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत होते. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी हे नाव पडले. तेथे ठिकठिकाणांहून आलेले विद्यार्थी तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन आणि यांसारखे उद्योग शिकत. शिकणे म्हणजे नुसते पाहणे नव्हे; घाणीवर बसून तेल काढावयाचे, आणि मग बियांचे वजन, तेलाचे वजन, पेंडीचे वजन व बैलाच्या वैरणीचा खर्च असा ताळा जमवावयाचा. तेथे तयार झालेला ‘मगनदीप’ हा दिवा रॉकेलऐवजी गोड्या तेलावर जळे. वरवर पाहता ही क्षुल्लक सुधारणा होय. परंतु तिच्यामागे एक सिद्धांत होता. खनिज तेल हे जमिनीतील साठ्यातून येते. जितके जाळाल तितके कायमचे उणे होते. बियांचे तेल दर हंगामाला नव्याने येते. साठ्यावर जगणारा संसार आणि आवकेवर जगणारा संसार यांतील भेद कुमारप्पांनी दिव्याच्या वातीइतका सोपा करून दाखविला. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या नावाचा अर्थच ‘टिकून राहणारी अर्थव्यवस्था’ असा होतो. त्या ग्रंथात त्यांनी निसर्गातील जीवांच्या वर्तनावरून मानवी व्यवहारांच्या पायऱ्या लावल्या आहेत. आमराईत शिरून फळे लुटणारे माकड काही निर्माण करीत नाही. घरटे बांधणारा पक्षी निदान आपल्या श्रमाचे खातो. आणि मधमाशी जे करते ते साऱ्या पोळ्यासाठी करते. व्यापारी मनुष्याने यांपैकी कोणाची रीत उचलावी, हा प्रश्न त्यांनी वाचकांपुढे ठेवला.

मगनवाडीस बाग देणाऱ्या जमनालालजींचेच नाव धारण करणारी व्यवस्थापन संस्था १९६५ साली मुंबई विद्यापीठात निघाली. तत्पूर्वी दोन वर्षे, १९६३ साली, भारत सरकारने आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या साहाय्याने पवई येथे औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था स्थापिली होती. ‘निटी’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाई. विहार तलावाच्या काठी तिचे आवार आहे. मुंबईस नळाने पाणी देण्यासाठी १८६० साली पुरा झालेला हाच तो पहिला तलाव. तेव्हा पाण्याचा विचार शिकविण्यास याहून उचित जागा शोधून सापडली नसती. या संस्थेत प्रथम औद्योगिक सुरक्षा आणि पर्यावरण व्यवस्थापन यांचा अभ्यासक्रम चालू झाला. त्याचेच पुढे शाश्वतता व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात रूपांतर झाले. २०२३ साली संसदेच्या कायद्याने संस्थेचे नाव भारतीय प्रबंध संस्थान मुंबई असे झाले आणि हा विषय घेऊन व्यवस्थापनाची उच्च पदवी तेथे मिळू लागली.

निटीतील विद्यार्थ्यांचा एक उपक्रम विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याचे नाव ‘मंडी’. ‘नवनिर्मिती’ ही संस्था मुलांना गणित आणि विज्ञान हाताने शिकता यावे म्हणून स्वस्त साहित्य तयार करते. ते साहित्य घेऊन निटीचे विद्यार्थी मुंबईच्या रस्त्यांवर, स्थानकांबाहेर, बाजारांत उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांस विकत. उद्या मोठ्या कंपनीत मोठ्या पगारावर जाणारा तरुण दहा वेळा नकार ऐकतो, अकराव्या वेळी एक संच विकतो. यात त्याला दोन धडे मिळतात. पहिला असा, की वस्तू चांगली आहे एवढ्याने ती खपत नाही. ती ज्याच्या हाती द्यावयाची त्याची गरज आणि त्याचा खिसा जाणावा लागतो. दुसरा असा, की रस्त्यावर बसून पोट भरणाऱ्या फेरीवाल्याची विद्या ही पुस्तकी विद्येहून कमी प्रतीची नाही. नदी राखणारा साबण किंवा वीज वाचविणारी शेगडी कोणी तयार केली, पण ती विकता आली नाही, तर ती प्रदर्शनाच्या कपाटात धूळ खात पडेल. यास्तव विकणे शिकणे हाही शाश्वततेच्या शिक्षणाचा भाग ठरतो.

अशा अभ्यासक्रमांतील दुसरे नित्याचे काम म्हणजे मोजमाप. ते कसे चालते, हे मांजर्लीतील एका कल्पित इमारतीच्या उदाहरणाने पाहू. समजा, एका गृहनिर्माण संस्थेत चाळीस बिऱ्हाडे आहेत व प्रत्येक बिऱ्हाडात चार माणसे, म्हणजे एकूण एकशे साठ माणसे राहतात. शहरी पाणीपुरवठ्याची आखणी करताना दर माणशी दर दिवशी १३५ लिटर हे प्रमाण धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने इमारतीस रोज २१,६०० लिटर पाणी पुरावे. विद्यार्थी सात दिवस मीटर वाचतात आणि सरासरी २७,००० लिटर निघते. मग ५,४०० लिटर जाते कोठे?

येथे विद्यार्थ्यांची कसोटी लागते. रहिवाशांनी जपून वापरावे, अशी पाटी जिन्यात लावून मोकळे होणे सोपे असते. पण चांगला विद्यार्थी प्रथम घरातील बायकांस दोष देत नाही. तो मध्यरात्रीनंतर गच्चीवर जातो. रात्री बारा ते पहाटे चार या वेळात पाण्याचा वापर जवळजवळ थांबलेला असतो. त्या वेळी टाकीत पाणी सोडणे बंद ठेवून पातळी मोजावयाची आणि चार तासांनी पुन्हा मोजावयाची. पातळी उतरली तर ते पाणी कोणी वापरलेले नाही. ते कोठून तरी गळते आहे. उतार किती झाला यावरून तासाला किती गळते हे निघते. मग नळाचे वायसर, संडासाची टाकी, जमिनीखालील जुना नळ अशी एकेक जागा तपासावयाची. पातळी न उतरल्यास दोष वरच्या टाकीतून पंप चालू राहून ओसंडणाऱ्या पाण्यात असावा, असा तर्क करून ती वेळ पाहावयाची. एवढे करूनही फरकाचा उलगडा झाला नाही, तर वापर खरोखरच अधिक आहे असे म्हणावे. गणितात उत्तर काढल्यावर ताळा पाहतात, तशीच ही रीत आहे.

या उदाहरणातील खरी गोष्ट पुढेच आहे. संस्थेचा खजिनदार त्या ५,४०० लिटरांची किंमत रुपयांत काढतो. पाण्याचा दर कमी. पंपाला लागणारी जादा वीज, इमारत सहा मजली धरली तरी, रोजची पाऊण युनिटच्या आसपास. रक्कम इतकी किरकोळ भरते, की दुरुस्तीसाठी नळकारागीर बोलाविणे त्यास महाग वाटते. वहीप्रमाणे तो चुकत नाही. पण विद्यार्थी तोच आकडा दुसऱ्या रीतीने मांडतो. दर माणशी १३५ लिटर या प्रमाणाने ५,४०० लिटर पाणी चाळीस माणसांना पुरते. म्हणजे या इमारतीच्या गळतीत दहा बिऱ्हाडांचे रोजचे पाणी वाहून जाते. आणि त्याच नळाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या एखाद्या वस्तीत बायका रिकामी भांडी रांगेत मांडून बसलेल्या असतात. रुपयांच्या रकान्यात जे क्षुद्र दिसते ते लिटरांच्या रकान्यात मोठे होते, आणि माणसांच्या रकान्यात मांडले म्हणजे त्याकडे डोळेझाक करता येत नाही. वहीला आणखी एक-दोन रकाने जोडणे, हीच या शिक्षणाची सारी खटपट होय.

कारखान्याच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. उन्हाळ्याच्या सुटीत असे विद्यार्थी एखाद्या उद्योगात उमेदवारी करतात. जीन्स धुणाऱ्या लहान कारखान्याचे उदाहरण घेतले तर कापड, रंग, मजुरी व भाडे यांवरून दर पाटलोणीस किती खर्च येतो, हे मालकास तोंडपाठ असते. विद्यार्थ्याने शोधावयाचे ते असे: दर पाटलोणीमागे पाणी किती लागते, त्यातील किती पुन्हा वापरता येईल, आणि उरलेले शुद्ध करावयास काय पडेल. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र एकट्या लहान कारखानदारास परवडत नाही. पण अनेकांनी मिळून सामायिक प्रक्रिया केंद्र उभारले, तर दर नगामागे किती वाढ होईल? ती वाढ गिऱ्हाईक सोशील काय? पैसा बँकेकडून कोणत्या अटीवर मिळेल? एकाने वर्गणी चुकविली तर बाकीच्यांनी काय करावे? रसायनशास्त्रज्ञ पाणी शुद्ध कसे करावे ते सांगेल. परंतु या प्रश्नांची उत्तरे व्यापार जाणणाराच देऊ शकतो. ही उत्तरे वेळेवर मिळाली, तर नदी आणि मजुराची रोजी या दोहोंपैकी एकीचीच निवड करण्याचा कठीण प्रसंग पुष्कळदा टळतो. या विषयासाठी व्यवस्थापनाचे विद्यालय कशाला, असे विचारणाऱ्यांस याहून निराळे उत्तर देण्याचे कारण नाही.

आता एक आक्षेप उरतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ही सारी कामे देखाव्याची असतात, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. जून महिन्यात पाच तारखेस रोपे लावावयाची, एकसारखे सदरे घालून छायाचित्र घ्यावयाचे, आणि पाऊस सरताच त्या रोपांचे काय झाले याची चौकशीही करावयाची नाही, असा प्रकार कोणी पाहिला नाही? नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे हे चालते. कंपन्यांच्या बाबतीत कायद्यानेही या देखाव्यास नकळत वाव मिळतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी असे ठरले. चांगली गोष्ट झाली. परंतु उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळविले, याची चौकशी त्या दोन टक्क्यांत होत नाही. ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी भांडवल बाजारावर देखरेख करणाऱ्या ‘सेबी’ने २०२१ साली नवा नियम केला. त्यान्वये भांडवली मूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांस २०२२-२३ या वर्षापासून पाणी, ऊर्जा, कचरा व कामगार यांविषयीचा तपशील प्रसिद्ध करणे भाग पडले. हे अहवाल तयार करण्यास माहितगार माणसे लागतात, म्हणून या अभ्यासक्रमांकडे विद्यार्थ्यांचा ओढा वाढण्यास एक व्यावहारिक कारणही मिळाले आहे. पण अहवाल लिहिणे आणि नदी सुधारणे या भिन्न गोष्टी होत.

हा धोका त्या विद्येच्या एका आद्य प्रवर्तकानेच बोलून दाखविला आहे. नफा, माणसे आणि पृथ्वी असा तिहेरी ताळेबंद मांडावा, ही कल्पना जॉन एल्किंग्टन या इंग्रज गृहस्थाने १९९४ साली पुढे आणली आणि ती जगभर गाजली. २०१८ साली त्याच गृहस्थाने ती परत घेतली. सदोष मोटार कारखानदार दुरुस्तीसाठी परत बोलावितो, तसा हा प्रकार झाला. धंद्याची मूळ रीत बदलावी म्हणून काढलेली कल्पना कंपन्यांनी नुसती आकडे भरण्याची नवी सोय करून टाकली, असे त्यांस दिसून आले. आपलीच गाजलेली कल्पना अशी तपासावयास परत घेणारे पुरुष विरळा.

मग खरे काम आणि देखावा यांत भेद कसा करावा? त्यासाठी तीन साधे प्रश्न पुरतात. पहिला: विद्यार्थ्यांनी काही मोजले काय, आणि मोजलेला आकडा उघडपणे मांडला काय? दुसरा: पुढल्या वर्षी कोणी तेथे परत गेले काय? लावलेल्या शंभर रोपांपैकी किती जगली, हा आकडा लावलेल्या शंभरांपेक्षा अधिक मोलाचा असतो. तिसरा, आणि सर्वांत कठीण: त्या आकड्यामुळे कोणाचा एखादा निर्णय बदलला काय? गळका नळ दुरुस्त झाला, कारखान्याने धुलाईचे पाणी दुसऱ्यांदा वापरले, संस्थेने ओला कचरा आवारातच जिरविला, तर उपक्रम खरा. काहीच बदलले नाही, तर तो विद्यार्थ्यांच्या वेळेचा अपव्यय होय, मग त्याची छायाचित्रे कितीही सुंदर असोत.

या कामी शहरी कुटुंबांचाही काही वाटा आहे. एखादा विद्यार्थी दारी आला आणि घरातील कचरा आठ दिवस तोलू द्या, असे म्हणू लागला, तर त्यास उंबऱ्यावरूनच परतवू नये. गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाने त्यास मीटरची वही दाखवावी. आपला मुलगा किंवा मुलगी अशा विद्यालयात जात असेल, तर पगार किती मिळणार याची चौकशी आईबापांनी जरूर करावी; पण त्याबरोबर या वर्षी तू काय मोजलेस, आणि त्याने काय बदलले, असेही एकदा विचारावे. कित्येक मुलांस हा प्रश्न घरी कोणी विचारीलच असे नाही, आणि नोकरीत तर मुळीच नाही.

२७ जुलै २०१९ च्या पहाटे मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकून पडली. एक हजारांहून अधिक उतारू तिच्यात होते. आजूबाजूचे गावकरी, आपत्तिनिवारण दल, नौदल व पोलीस यांच्या प्रयत्नांनी ते सुखरूप बाहेर काढण्यात आले. त्या दिवशी उल्हास नदी रुळांवर आली होती. नदीचे पात्र किती रुंद, तिच्या काठची किती जमीन भरावाखाली गेली, तिला पसरावयास जागा किती उरली, हे आकडे ज्यांच्या वहीत नसतात त्यांनाही पावसाळा ते वाचून दाखवितो. मांजर्लीतील गृहस्थ दर आषाढात नदीच्या पातळीची बातमी कान देऊन ऐकतो, ती याचसाठी. नदीचे खाते कोणी लिहो वा न लिहो, त्यावर रोज जमा आणि नावे पडतच असते. ते वेळेवर लिहिणारी चार मुले गावात तयार झाली, तर शिक्षणावर झालेला खर्च फुकट गेला असे कोणासही म्हणता येणार नाही.